गुडघ्यांसाठी आहार बदलताना या चुका टाळा

गुडघा दुखू लागला की पुण्यातल्या बहुतेक घरांत पहिला बदल ताटात होतो. दही बंद होते, टोमॅटो आणि चिंच बंद होतात, वांगे-बटाटा वातूळ म्हणून बाजूला पडतो, रात्रीचे वरण निम्म्यावर येते. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी मायेने डिंकाच्या लाडवांचा डबा आणून देते. हेतू चांगलाच असतो, पण परिणाम असा होतो की ज्या पदार्थांनी गुडघ्याची झीज होत नाही ते ताटातून जातात आणि ज्यांनी वजन वाढते ते वाढून घेतले जातात. ऑस्टिओआर्थ्रायटिसचा, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या आजाराचा, धोका वय, आनुवंशिकता, जुनी दुखापत आणि कामाचे स्वरूप यांवरही अवलंबून असतो. आहाराचा त्यातला वाटा महत्त्वाचा आहे, मात्र तो एखाद्या पदार्थातून क्वचितच येतो. अनेक वर्षे रोज किती आणि कसे खाल्ले, यातून तो येतो.

वजनाचा विषय टाळणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहितो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून १९९२ साली असे दिसून आले की ज्या स्त्रियांचे वजन १० वर्षांच्या काळात सुमारे ५ किलोने कमी झाले, त्यांच्यात पुढे गुडघ्याचा त्रासदायक ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटलेला होता. ५ किलो हा काही अशक्य आकडा नाही. वजन १ किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो, हेही मोजून पाहिलेले आहे. दिवसभरातील हजारो पावलांचा विचार केला तर ही सूट किती मोठी आहे ते कळते.

शिवाय प्रश्न केवळ भाराचा नाही. स्थूल व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिसही अधिक आढळतो, आणि बोटांवर तर शरीराचे वजन पडत नाही. शरीरातील जादा चरबी, विशेषतः पोटावरची, दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि ती सांध्यातील कूर्चेपर्यंत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणापर्यंत, पोहोचतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. म्हणूनच ‘मी काही जाड नाही, फक्त पोट सुटले आहे’ असे म्हणून हा विषय सोडून देऊ नये. भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की ते अतिवजन धरले जाते. म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी ही सीमा सुमारे ५५ किलोवर येते. कमरेचा घेर स्त्रियांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या आत असावा.

युरिक अ‍ॅसिडच्या भीतीने डाळी बंद करणे

युरिक अ‍ॅसिड वाढल्यामुळे होणारा संधिवात हा वेगळा आजार आहे. त्यात बहुधा पायाचा अंगठा किंवा एखादा सांधा अचानक लाल होऊन सुजतो आणि स्पर्शही सहन होत नाही. झिजेच्या दुखण्यासारखा तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढत नाही. रक्ततपासणीत युरिक अ‍ॅसिड मर्यादेत असताना तूर, मूग, मटकी बंद करण्याचे काहीच कारण नाही. ते वाढलेले असले तरी मद्य, विशेषतः बिअर, मांसाहारातील काळीज-भेजा आणि साखरेची शीतपेये यांवर बंधन घालणे अधिक उपयोगाचे असते.

डाळ सोडल्याचा खरा तोटा मांडीला होतो. गुडघ्याला आधार देणारा मांडीचा पुढचा स्नायू प्रथिनांअभावी आणि हालचालीअभावी बारीक होत जातो, आणि तो अशक्त झाला की जिना उतरताना सगळा ताण सांध्यावर येतो. साठीच्या पुढे तर प्रथिने वाढवण्याची गरज असते, वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम. पळीभर पातळ वरण, दोन पोळ्या आणि भात इतक्या जेवणात ती भरून निघत नाहीत. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही किंवा ग्लासभर दूध, आणि चालत असल्यास अंडी किंवा मासे यांची जोड हवी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

‘वंगणा’साठी तूप, लाडू आणि गोळ्या

गुडघ्यातील वंगणासारखा द्रव सांध्याच्या आतील अस्तर तयार करते. खाल्लेले तूप पचून इतर चरबीसारखेच शरीरात जाते, सांध्यात उतरत नाही. डिंकाचा लाडू कसा होतो ते आठवून पाहावे: तुपात फुलवलेला डिंक, भाजलेले सुके खोबरे, खारकेची पूड, गोडांबी, खसखस आणि वर गुळाचा पाक. असा ५० ग्रॅमचा एक लाडू सहज २०० कॅलरींच्या पुढे जातो, आणि अर्धा तास भरभर चालून जेमतेम १०० ते १५० कॅलरी खर्च होतात. थंडीत आवडीने कधीतरी एखादा खायला हरकत नाही, पण औषध म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ खाल्ला तर गुडघ्यावरचा भार वाढतो.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनच्या गोळ्यांची २००६ साली सुमारे १,६०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, आणि एकंदर रुग्णांत त्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती हाडांसाठी जरूर भरून काढावी, मात्र त्याने झीज थांबेल ही अपेक्षा ठेवू नये. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या वेदना थोड्या कमी होतात, पण रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

भाकरी सोडणे आणि उपवासावर भिस्त ठेवणे

वजनाखालोखाल ज्याच्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते ते तंतुमय पदार्थांकडे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकी अभ्यासांच्या विश्लेषणात, जास्त तंतुमय आहार घेणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या वेदनादायक ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण कमी आढळले. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे; तरीही हा बदल स्वस्त आहे आणि पचन, साखर, वजन या तिन्हींना हितकारक आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम आणि बाजरीत ११ ग्रॅम तंतू असतात, तांदळात तीनच्या आत. म्हणून रविवारी सिंहगड चढून गेल्यावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाणाऱ्यांना मी अडवणार नाही. त्याआधी भूक नसताना मागवलेल्या कांदाभज्यांच्या दोन प्लेटींबद्दल मात्र नक्की बोलेन.

याउलट चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी वजन उतरवण्यासाठी उपयोगाची नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप. एकदम अन्न तोडून झटपट वजन उतरवणाऱ्यांचे स्नायूही त्याबरोबर उतरतात.

वजन हलत नसेल तर काय तपासावे

आधी तेलाचा डबा पाहावा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर दर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी, केवळ तेलातून जातात. मग अमृततुल्यमधले चहा मोजावेत, कारण तिथली साखर आपल्या हातात नसते. चिवडा, फरसाण, भाजीतले दाण्याचे कूट आणि ओले खोबरे यांची नोंद आठवडाभर वहीत ठेवल्यास गळती कुठे आहे ते बहुधा सापडते. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे.

वजन उतरूनही दुखणे कायम राहिले, तर बहुधा व्यायाम राहून गेलेला असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५४ जणांच्या १८ महिन्यांच्या चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांच्या वेदना केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्या. त्यांचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी उतरले होते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे कमी करायचे असल्यास डोस आधी तपासून घ्यावा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. सांधा गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकू लागला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तर ही साधी झीज नसण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी आहारात प्रयोग करत न बसता थेट डॉक्टरांकडे जावे.