मंदीत गाळा भाड्याने देताय? या चुका टाळा

२०२० च्या लॉकडाउननंतर माझ्या पुण्यातल्या गाळ्याचा भाडेकरू दोनदा घरी आला. "काका, ४० चे ३० करा, वर्षभरच." मी अडून बसलो. महिनाअखेरीला त्याने किल्ल्या आणून दिल्या. पुढचे आठ महिने शटर खाली. ३ लाख २० हजारांचे भाडे बुडाले. त्याचे ऐकले असते तर १ लाख २० हजारांत भागले असते. शिवाय मेंटेनन्स, मिळकतकर, विजेचा स्थिर आकार माझ्याच खिशातून. एकदा उतरवलेले भाडे परत चढत नाही, ही भीती मला नडली. आजही अनेक मालकांना तीच नडताना दिसते.

सवलत द्या, पण तोंडी देऊ नका. "सध्या निम्मेच द्या" म्हटले की उरलेले नंतर मिळेल असे मालक धरून चालतो आणि भाडेकरूला वाटते, माफ झाले. पुरवणी करार करून घ्या: रक्कम किती, कोणत्या महिन्यापर्यंत, माफ की पुढे ढकललेली, मूळ भाडे कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू. बदल्यात लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत भाडेकरूला गाळा सोडता येत नाही ती, वाढवून मागा, भाडेकरू सहसा नाही म्हणत नाही. जीएसटी भरत असाल तर बिलही कमी रकमेचेच काढा. पूर्ण भाड्याचे बिल काढले तर पैसे हातात न येताही १८ टक्के भरावे लागतात.

रिकामा गाळा घाईने भरताना करारनाम्याची नोंदणी राहून जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते.

"डिपॉझिटमधून कापा" हे वाक्य ऐकले की सावध व्हा. तीन-चार महिन्यांत डिपॉझिट संपते आणि मग वीजबिल, मोडतोड, थकबाकी कशातून वसूल करणार? वीजबिल भाडेकरूच भरतोय ना, हे ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला स्वतः बघा. मी ते बघितले नव्हते. नवा भाडेकरू आला तेव्हा मीटर कापलेला होता, आणि जुनी बाकी भरल्याशिवाय वीज जोडून मिळेना.

थकबाकीसाठी वीज-पाणी मात्र तोडू नका, कुलूपही ठोकू नका. तक्रार उलट तुमच्यावरच होते. गाळ्यावर कर्ज असेल तर पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला. चुकल्यानंतर गेलात तर तीच बँक वेगळ्या सुरात बोलते.