डोळ्याचा पडदा सुटतोय आणि आपण मोतीबिंदू समजून थांबतोय: या चुका टाळा

डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हा डोळा दुखत नाही. लाल होत नाही, चिकटत नाही, बाहेरून बघणाऱ्याला काही कळतही नाही. म्हणून घरात बोलणं होतं ते असं: "ठणकत तर नाही ना? मग सोयाबीनची रास झाली की जाऊ." रास होईपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि तेवढ्यात वाचणारी नजर हातची जाते. या आजारावर उपचार आहे, चांगला आहे. आपल्याकडं वाया जातात ते दिवस, आणि ते नेमके कुठे जातात हे एकदा नीट बघायला हवं.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. डोळ्याच्या मागच्या भिंतीला एक पातळ पडदा चिकटलेला असतो, डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेल भरलेलं असतं. पन्नाशी-साठीकडं हे जेल पातळ होतं, आकसतं आणि पडद्यापासून सुटं होतं. बहुतेकांचं हे सुखरूप पार पडतं. काहींच्या बाबतीत सुटताना जेल पडद्याला ओढतं आणि तो एखाद्या ठिकाणी फाटतो. मग त्या फाटीतून पाणी मागे शिरतं आणि भिंतीत ओल मुरून रंगाचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून काही दुखत नाही.

नुसती फाट असताना गाठली तर तिच्याभोवती लेझर मारून ती बंद करता येते. काम थोड्या वेळाचं असतं, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पाणी शिरून पडदा सुटला की मात्र ऑपरेशनच. सगळी घाई आहे ती या दोन टप्प्यांमधल्या वेळेसाठी.

वीज आभाळातली समजणं

रात्रीच्या लाईटीला पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला डोळ्याच्या कडेला लख्खकन काहीतरी चमकल्यासारखं वाटतं. त्याला वाटतं, पूर्वेला वीज झाली. मान वळवली, डोळा फिरवला की पुन्हा चमकतं. अंधारात हे जास्त जाणवतं, उजेडात लक्षातही येत नाही. जेल पडद्याला ओढतं तेव्हा मेंदूला त्याचा उजेड वाटतो.

दुसरी खूण काळ्या ठिपक्यांची. एखाद-दुसरा तरंगणारा ठिपका किंवा धागा वर्षानुवर्षं दिसत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण अचानक, एका दिवसात, डासांचा थवा उठावा तसे ठिपके आले, काजळी उधळल्यासारखी दिसली, जाळं लोंबायला लागलं, तर ते रक्त किंवा फाटलेल्या जागेचे कण असू शकतात.

तिसरी खूण सावलीची. कडेकडून काळा किंवा करडा पडदा आत सरकायला लागतो. पडदा वरून सुटला असेल तर सावली खालून येते, म्हणून "चालताना पाय दिसेना" असं लोक सांगतात. वरून सुटलेला पडदा लवकर खाली उतरतो. इथे उद्याची वाट बघायची नाही.

दोन्ही डोळ्यांत एकदम नागमोडी, लुकलुकती रेघ आली, वीस-पंचवीस मिनिटांत गेली आणि मग डोकं धरलं, तर ते बहुधा अर्धशिशीचं असतं. तरी पहिल्यांदाच होत असेल तर दाखवून घ्या.

दोन्ही डोळे उघडे ठेवून "दिसतंय की" म्हणणं

एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून टाकतो. त्यामुळे कित्येकांना आजार कळतो तो दुसरा डोळा चोळताना, योगायोगानं. घरी एवढं करा: वडीलधाऱ्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर दोन-तीन हातांवर बसवा, चष्मा लावू द्या, एक डोळा तळव्यानं झाका. डोळा दाबायचा नाही. मधल्या तारखेकडं बघायला सांगा.

"आबा, चारी कोपरे दिसतात का?"

"खालचा काही दिसंना."

"आणि रेघा सरळ आहेत का?"

"मधेच वाकड्या झाल्यात."

कोपरा गायब होणं म्हणजे कडेचा भाग सुटलेला असू शकतो. रेघा वाकड्या दिसणं म्हणजे मधल्या, वाचायला-चेहरा ओळखायला लागणाऱ्या भागापर्यंत गडबड पोहोचली असेल. मधला भाग अजून चिकटलेला असेल तर ऑपरेशन लवकरात लवकर, शक्यतो दिवसभरात, करायचा प्रयत्न असतो. तो सुटला असेल तरी आठवडाभराच्या आत झालेलं चांगलं. महिनोन्महिने राहिलेला पडदा आकसतो, त्यावर वण धरतात, आणि मग बसवला तरी नजर पूर्वीसारखी येत नाही.

मोतीबिंदू म्हणून पिकू देणं

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक ही. साठीच्या माणसाला कमी दिसायला लागलं की अख्खं गाव सांगतं, मोतीबिंदू आहे, शिबिरात काढून घेऊ. मोतीबिंदू महिन्या-महिन्यानं, वर्षा-वर्षानं वाढतो. काल दिसत होतं आणि आज दिसत नाही, याला मोतीबिंदू म्हणायचं नाही. शिबिरात टॉर्च मारून मोतीबिंदू कळतो, पडदा कळत नाही.

ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी आणखी एक. नजर धूसर झाली की "जाळी आली असेल, लेझरनं निघते" असं ऐकून लोक निवांत राहतात. जाळी, म्हणजे बसवलेल्या लेन्समागचा पातळ पापुद्रा धूसर होणं, खरंच येते आणि खरंच निघते, पण तीही हळूहळूच येते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका थोडा वाढतो आणि तो पुढे वर्षानुवर्षं राहतो. अचानक ठिपके, चमक, सावली आली तर लेन्स बसवून किती वर्षं झाली याचा हिशेब करत बसू नका.

मेडिकलवरून आणलेले थेंब, चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणं, मध, एरंडेल, कांद्याचा रस: यातलं काहीही मागच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. रुईचा चीक तर डोळ्याच्या आसपासही नको, त्यानं बुबुळ जळतं.

नंबर गेला म्हणजे धोका गेला, असं समजणं

लातूरला शिकवणीला आलेल्या पोरांत जाड भिंगाचे चष्मे काही कमी नाहीत. मायनस सहाच्या पुढचा नंबर असेल तर डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, आणि विशी-तिशीतही फाटू शकतो. लेझरनं चष्मा घालवला तरी आतला डोळा तेवढाच लांब राहतो. भरतीसाठी, लग्नासाठी नंबर काढून घेतलेल्या मुलामुलींना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मार लागलेल्या डोळ्याचंही तसंच. विटी लागली, बैलाचं शिंग लागलं, चेंडू बसला; सूज उतरली, दिसायला लागलं, की विषय मिटला असं नसतं. फाट नंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही त्रास देते. सूज उतरल्यावर एकदा पडदा तपासून घ्या. शुगरच्या रुग्णांत पडदा वेगळ्या कारणानं, आतल्या वणांनी ओढला जाऊन सुटतो. त्यांनी तर दरवर्षी दाखवायलाच हवं.

फोनवर नुसतं "डोळ्याचा त्रास आहे" म्हणणं

असं सांगितलं की काउंटरवरची मुलगी पुढच्या सोमवारचा नंबर देते. तिची चूक नाही. असं सांगा: "काल संध्याकाळपासून उजव्या डोळ्यात अचानक काळे ठिपके आणि चमक आहे, आज खालून सावली आली. पडद्याचे डॉक्टर आज आहेत का? पडद्याचं ऑपरेशन तुमच्याकडं होतं का?" शेवटचा प्रश्न सोडू नका. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. नांदेडकडचे लोक हैदराबादला, धाराशिवकडचे सोलापूरलाही जातात. कुठंही जा, पण जाण्याआधी हे विचारा, नाहीतर एसटीत एक दिवस आणि परत पाठवण्यात दुसरा जातो. महात्मा फुले योजनेत बसतं का तेही तिथंच विचारून घ्या आणि रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. उपाशी यायचं का, हेही फोनवरच ठरवा. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं उपाशी राहू नये.

मोटारसायकलवर एकटं जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्याशिवाय पडद्याच्या कडा दिसत नाहीत आणि त्यानंतर चार-सहा तास धूसर दिसतं. "गाडी चालवत जायचंय, थेंब नको" म्हणून माघारी आलेला माणूस तपासणी न होताच आलेला असतो. रक्तामुळे आतलं काही दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. ती नाकारू नका.

आणि तपासून "फाट नाही" म्हणाले, तरी चार-सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात ते उगाच नाही. जेल सुटायची क्रिया सुरूच असते. मध्येच ठिपके वाढले तर तारखेची वाट बघायची नाही.

ऑपरेशननंतरची ढिलाई

पडदा बसवल्यावर तो दाबून धरायला डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. पालथं झोपा किंवा अमुक कुशीवर झोपा असं सांगितलं असेल तर ते अर्धं ऑपरेशनच समजा. पाहुणे भेटायला आले म्हणून उठून बसायचं नाही. गॅस असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमान नाही आणि उंच डोंगरावरची यात्राही नाही: वर गेलं की गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, नजर जाऊ शकते. उमरा, बद्रीनाथ, जे ठरलं असेल ते पुढे ढकला. या काळात दुसरं कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी डोळ्यात गॅस आहे हे सांगा.

तेल भरलं असेल तर ते बहुधा काही महिन्यांनी काढावं लागतं. दिसतंय, दुखत नाही, म्हणून लोक ते तसंच ठेवतात. मग दाब वाढतो, बुबुळ खराब होतं. तेल काढायला कधी यायचं ते फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि घरातल्या एका तरुणाच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा. त्याच भेटीत दुसऱ्या डोळ्याचा पडदाही थेंब टाकून बघायला सांगा, आणि तुमच्या भावंडांचे, मुलांचे चष्म्याचे नंबर मोठे असतील तर त्यांनाही घेऊन जा.