मृद-जलसंधारणातील अध्यापन आणि संशोधन : मराठवाड्यातून सुरुवात कशी करावी

माती, पाणी आणि गायरान यांच्या व्यवस्थापनाचे अध्यापन-संशोधन ज्यांना आयुष्यभराचे काम म्हणून करायचे आहे, त्यांनी पदवीच्याही आधी पाणलोट क्षेत्राचा विचार करावा. सकाळच्या पहिल्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येईल असे, शक्यतो एकाच ओढ्याचे, हजार-बाराशे हेक्टरचे क्षेत्र निवडावे आणि ते किमान दहा वर्षे सोडू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके, कित्येक ठिकाणी तर वरची मातीही, वाहून गेली. यांपैकी एकाच टोकाच्या वर्षातील नोंदींवर उभा राहिलेला प्रबंध पदवी मिळवून देईल, पण शेतकऱ्याला सल्ला देण्याच्या कामाचा नसेल.

पदवीचे मार्ग त्या मानाने सरळ आहेत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून मराठवाड्याचे काम पाहते. तेथे मृदशास्त्र किंवा कृषी अभियांत्रिकीतील मृद व जलसंधारण ही थेट वाट आहे. भूगर्भशास्त्र, भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र घेणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठे आहेत आणि ज्यांना पाण्याच्या वाटपाची सामाजिक बाजू अभ्यासायची आहे, त्यांनी तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा विचार अवश्य करावा. कृषी विद्यापीठातील नोकरीसाठी कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट आणि इतरत्र यूजीसीची नेट किंवा राज्याची सेट परीक्षा असते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिराती निघाल्यावर प्रमाणपत्रांसाठी तहसीलला खेटे घालण्यापेक्षा जातवैधता आणि, लागू असल्यास, नॉन-क्रिमिलेअर आधीच काढून ठेवावे.

विषय निवडताना ‘जलसंधारणाचा परिणाम’ अशी ढोबळ मांडणी टाळावी. शेततळ्याचेच उदाहरण घेऊ. अस्तरीकरण केलेले तळे पावसाच्या पाण्याने भरते असे कागदावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते विहीर किंवा बोअर उपसून भरले जाते आणि जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात बाष्पीभवनासाठी मांडून ठेवल्यासारखे होते. तेव्हा तळे कोणत्या तारखेपासून, कोणत्या स्रोतातून भरले आणि शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी त्या काळात किती उतरली, हा प्रश्न संशोधनाचा झाला. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करावी, टोकाला वजन बांधलेली टेप दर वेळी त्याच खुणेपासून सोडावी आणि वाचन मोटार सुरू होण्यापूर्वी घ्यावे. वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात ही वेळ बदलते, म्हणून आदल्या दिवशी मालकाला फोन करावा. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी मुरमात आणि खडकाच्या सांधी-भेगांत असते, त्यामुळे दोनशे फुटांवरच्या दोन विहिरी वेगळे बोलतात. दोन-तीन विहिरींच्या सरासरीवर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा मोह आवरावा.

आता मार्गदर्शनाविषयी. अनेक प्राध्यापक सर्वसमावेशक मार्गदर्शनाला संशोधनाबाहेरचे सत्कृत्य समजतात. मीही काही वर्षे तसेच समजत होतो. बीड जिल्ह्यातील एका गावाचे घरोघर सर्वेक्षण मी जानेवारीत ठरवले, कारण तेव्हा महाविद्यालयाला सवड होती. प्रश्नावली तपासताना एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, जानेवारीत आमचं घर बंद असतं. आई-बाबा कोयत्यावर असतात.” ऊसतोडीला गेलेल्यांची कुलूप असलेली घरे आम्ही ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात टाकणार होतो, म्हणजे गावातील सर्वांत कमी जमीन आणि सर्वांत कमी पाणी असलेली कुटुंबेच नमुन्यातून गळणार होती. ही चूक माझ्या कोणत्याही संख्याशास्त्रीय चाचणीने पकडली नसती.

म्हणून नवीन मार्गदर्शकांना माझे सांगणे असे की, आराखडा मंजुरीला पाठवण्यापूर्वी तो अशा घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावा आणि त्यांच्या सूचनेने आराखडा बदलला तर शोधनिबंधात लेखक म्हणून त्यांचे नाव घालावे. नावांचा क्रम कामाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवावा. पहिला मसुदा मराठीत लिहू द्यावा. ‘विहीर उपसा धरत नाही’ या चार शब्दांत जे निरीक्षण आहे, ते विद्यार्थ्याने मोडक्या इंग्रजीत लिहिले की हरवते; भाषांतर नंतर दोघांनी बसून करता येते. प्रवासखर्च आगाऊ द्यावा, कारण बिले मंजूर होईपर्यंत स्वतःचे पैसे गुंतवणे ज्याला परवडत नाही तोच विद्यार्थी क्षेत्रभेटी टाळतो आणि आपण त्याला आळशी ठरवतो. मुलींना पाहणीला दोघी-दोघींनी पाठवावे, परतीची शेवटची एसटी पाहूनच वेळापत्रक करावे आणि गावात स्वच्छतागृह कोठे आहे हे आधी विचारून ठेवावे. असे विचारायला संकोच वाटतो खरा, पण तो आपण बाळगला तर त्याची किंमत त्या मोजतात.

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येते. महिला संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते आणि कमाल सहा वर्षांच्या मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. ही माहिती पहिल्याच भेटीत मार्गदर्शकाने स्वतः द्यावी. लग्न ठरले म्हणून नोंदणी सोडून जाणाऱ्या मुलींपैकी कित्येकींना ही तरतूद कोणी सांगितलेलीच नसते.

निष्कर्ष हाती आले की ते गावात वाचून दाखवावेत आणि त्यासाठी २६ जानेवारीची ग्रामसभा सोडून १५ ऑगस्टची धरावी. तेव्हा ऊसतोडीचे कोयते निघालेले नसतात आणि ज्यांच्या विहिरी आपण मोजल्या नाहीत तेही समोर बसलेले असतात.