व्होकॅब आणि रिझनिंगची प्रॅक्टिस नेमकी कशी करायची

ॲप्टिट्यूडची तयारी करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे रोज प्रश्न सोडवतोय, ढिगाने सोडवतोय, पण मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, स्कोअर जागचा हलत नाहीये. आणि थोडं खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, प्रश्न सोडवला, उत्तर ताडून बघितलं, चुकलं होतं म्हणून सोल्यूशन वाचलं, 'अरे हो की' म्हटलं आणि पुढच्या प्रश्नावर गेलो. हे 'अरे हो की' फार फसवं असतं. सोल्यूशन वाचून कळणं वेगळं आणि तोच प्रश्न चार दिवसांनी कोऱ्या कागदावर स्वतः सोडवता येणं वेगळं, आणि परीक्षेत उपयोगी पडतं ते दुसरं. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं: चुकलेला प्रश्न आणि विसरलेला शब्द परत स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढायचा, बघून नाही.

सुरू करायच्या आधी एक काम, तुमच्या परीक्षेचा आत्ताचा पॅटर्न अधिकृत साइटवरून बघून घ्या. जुनी पुस्तकं आणि फॉरवर्ड झालेल्या पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि पॅटर्न मात्र बदललेला असतो. सॅट या अमेरिकन कॉलेज प्रवेश परीक्षेतून ॲनालॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न २००५ सालीच गेले, पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईमधून ॲनालॉजी आणि अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) दोन्ही २०११ मध्ये काढले, तरी अजून लोक त्यासाठी जुन्याच याद्या घोकत बसतात. तुमच्या परीक्षेत ॲनालॉजी असतील तर जरूर करा, पण नसतील तर तो वेळ दुसरीकडे द्या ना.

आता व्होकॅब, म्हणजे शब्दसंग्रह. इथे पाठांतराची यादी करून रोज वरून खाली वाचत जाणं ही सगळ्यात कमी फायद्याची पद्धत आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग वेग कमी होतो. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे, एका गटाने मजकूर परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे वाचताना 'येतंय मला' असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं.

म्हणून कार्ड करा. कागदाची करा नाहीतर अँकीसारखं फ्लॅशकार्डचं ॲप वापरा, फरक पडत नाही. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि तुम्ही स्वतः रचलेलं एक वाक्य. शब्द बघायचा, अर्थ तोंडाने बोलायचा, मगच कार्ड उलटायचं. कार्डांसाठी चार डबे ठेवायचे: जमलं तर ते कार्ड पुढच्या डब्यात, नाही जमलं तर परत पहिल्या डब्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने काढायचा, ही पद्धत सेबास्टियन लाइटनरने १९७० च्या दशकात लोकांपर्यंत नेली आणि आजची ॲप्स त्याच कल्पनेवर चालतात. रोज नवीन शब्द दहा-बाराच घ्या. पन्नास घेतले की पहिल्या डब्याचा डोंगर होतो आणि मग माणूस पूर्ण सिस्टीमच सोडून देतो.

कोणते शब्द आधी घ्यायचे? माझं स्पष्ट मत आहे की आधी फसवे शब्द घ्या, कारण पेपर काढणारा तिथेच जाळं टाकतो. 'एनर्व्हेट' ऐकायला एनर्जी दिल्यासारखं वाटतं, अर्थ आहे शक्ती काढून घेणं, थकवून टाकणं. 'रेस्टिव्ह' म्हणजे निवांत नाही, अस्वस्थ, न जुमानणारा. 'नॉईसम'चा आवाजाशी काही संबंध नाही, घाणेरडा, किळसवाणा असा अर्थ. 'प्रॉडिगल' म्हणजे उधळ्या, अलौकिक बुद्धीचा मुलगा म्हणजे 'प्रॉडिजी'. 'डिसइंटरेस्टेड'चा काटेकोर अर्थ निःपक्षपाती असा, रस नसलेला म्हणजे 'अनइंटरेस्टेड'. आणि 'सँक्शन' तर परवानगीलाही म्हणतात आणि निर्बंधालाही, तिथे वाक्यच ठरवतं. असे शब्द भेटले की त्यांची वेगळी गठ्ठी करा आणि कार्डावर बरोबर अर्थासोबत चुकीचा वाटणारा अर्थही लिहा, काट मारून.

त्यानंतर मूळ धातूंवरून शब्दांचे गट. 'लोक्वी' म्हणजे बोलणं हे लॅटिन मूळ कळलं की इलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्वियल, सोलिलोक्वी हे चारही एका दमात बसतात. पण मूळ बघून डोळे मिटून उत्तर मारू नका, कारण पेडेस्ट्रियनमधलं 'पेड' लॅटिनमधलं पाय आहे आणि पीडियाट्रिकमधलं ग्रीकमधलं मूल आहे. मूळ हा अंदाज बांधायला, खात्री करायला वाक्य.

आणि शब्दाचा रंगही बघा, म्हणजे कौतुक की टीका. 'थ्रिफ्टी' आणि 'मायझरली' दोघेही पैसे वाचवणारेच पण एक काटकसरी आणि एक कंजूष. ऑप्शनमध्ये अर्थाने जवळचे दोन शब्द दिसले की निकाल बहुतेकदा या रंगावर लागतो. म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अधिक किंवा उणे चिन्ह टाकायची सवय लावा.

रिकाम्या जागांच्या प्रश्नाला एक शिस्त पाळा, ऑप्शन हाताने झाका. खरंच झाका. समजा वाक्याचा आशय असा आहे की तो चारचौघांत ______ असला तरी पत्रं लिहायला बसला की पानंच्या पानं भरायचा. इथे 'तरी' सांगतोय की दोन बाजू उलट आहेत, म्हणजे रिकाम्या जागी 'अबोल' अशा अर्थाचं काहीतरी हवं. आधी हे आपल्या भाषेत ठरवलं, मग ऑप्शन उघडले, टॅसिटर्न, व्होल्युबल, एमिएबल, मेटिक्युलस, तर टॅसिटर्न (अबोल) लगेच उचलता येतो. आधी ऑप्शन वाचले की चारही शब्द वाक्यात घालून बघत बसतो आणि प्रत्येकच थोडा थोडा बरा वाटायला लागतो. ऑलदो, डिस्पाइट, हाऊएव्हर, रादर दॅन हे उलटवणारे, आणि सिन्स, देअरफोर, इनडीड हे त्याच दिशेने नेणारे, एवढे जोडशब्द आधी शोधून गोल करायचे.

रिझनिंगला येऊया, आणि इथे जरा जास्त थांबतो कारण इथले मार्क प्रॅक्टिसने खरंच वाढतात. पहिला नियम, डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं कागदावर. हुशार मुलं इथेच अडकतात, सोपा प्रश्न तोंडी सुटतो म्हणून तीच सवय राहते आणि सहा-आठ माणसांची बैठकव्यवस्था आली की सगळं कोलमडतं.

हे बघा एक. सहा जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत: अमेय, बीना, चारू, दिनेश, ईशा, फिरोज.
चारू बीनाच्या शेजारी आहे.
दिनेश चारूच्या बरोबर समोर आहे.
बीना अमेयच्या लगेच उजवीकडे आहे.
ईशा अमेयच्या बरोबर समोर आहे.
फिरोजच्या लगेच डावीकडे कोण?

बहुतेक जण पहिल्या सूचनेपासून सुरू करतात आणि लगेच दोन शक्यता हातात येतात, चारू बीनाच्या या बाजूला की त्या बाजूला. त्याऐवजी चारही सूचना एकदा वाचून जी पक्की आहे ती आधी धरा. अमेयला कागदाच्या खालच्या टोकाला बसवा, ईशा वरच्या टोकाला. अमेयचं तोंड वर, म्हणून त्याचा उजवा हात तुमच्याही उजवीकडे, तिथे बीना. आता बीनाचे दोन शेजारी, एक अमेय आहे, म्हणजे चारू दुसरीकडे, बीना आणि ईशाच्या मध्ये. चारूच्या समोरची जागा दिनेशची, ती अमेयच्या डावीकडे येते. उरलेल्या जागी फिरोज, ईशा आणि दिनेशच्या मध्ये. फिरोज कागदाच्या डाव्या बाजूला बसून मध्याकडे बघतोय, त्याचा डावा हात वरच्या दिशेला, म्हणून उत्तर ईशा. एकही शक्यता दोनदा काढायला लागली नाही, फक्त सूचनांचा क्रम बदलला. आणि तोंड बाहेरच्या बाजूला असेल तर डावं-उजवं उलटतं, म्हणून 'बाहेर' हा तीन अक्षरी शब्द कागदावर सगळ्यात आधी लिहा.

सिलॉजिझममध्ये, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायच्या प्रश्नात, वर्तुळं काढा. यातली एक जागा जिथे हमखास मार्क जातात: सगळे डॉक्टर वाचक आहेत, काही वाचक कवी आहेत. निष्कर्ष एक, काही डॉक्टर कवी आहेत. निष्कर्ष दोन, एकही डॉक्टर कवी नाही. डॉक्टरचं वर्तुळ वाचकच्या आत, कवीचं वर्तुळ वाचकला छेदून, पण ते डॉक्टरला लागतं की नाही हे दिलेलंच नाही. म्हणून एकटा एक निघत नाही, एकटा दोनही निघत नाही, पण दोघांपैकी एक खरा असणारच, कारण लागेल नाहीतर लागणार नाही. तिथे 'एक किंवा दोन' हा ऑप्शन. लोक दोन्ही खोडतात आणि 'कोणताच नाही' टिक करतात. आणि हो, 'काही अ ब आहेत' यावरून 'काही अ ब नाहीत' असं कधीच काढायचं नाही, रोजच्या बोलण्यात आपण तसं धरतो पण तर्कात 'काही' म्हणजे किमान एक, सगळेही असू शकतात.

'जर-तर'चे प्रश्न वेगळे बसून करा. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं चार पत्त्यांचं कोडं इथे थोडं मराठीत करून देतो. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, पण सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. 'जर अ तर ब' यातून हमखास निघतं ते 'ब नाही तर अ नाही', 'ब आहे तर अ आहे' हे निघत नाही. हे एकदा हाडात मुरलं की क्रिटिकल रिझनिंगचे, म्हणजे युक्तिवाद तपासायचे, कितीतरी प्रश्न सोपे होतात.

गृहीतकाच्या प्रश्नाला उलटवून बघायचं. नोटीस आहे, 'लिफ्ट बंद आहे, जिना वापरा.' गृहीतक एक, लोक नोटीस वाचतील. उलटवा, कोणीच वाचणार नाही, मग नोटीस लावायला अर्थच उरत नाही, म्हणजे हे गृहीतक आहे. गृहीतक दोन, लिफ्ट उद्या सुरू होईल. उलटवा, उद्या सुरू होणार नाही, नोटीस तरीही ठीकच आहे, म्हणजे हे गृहीतक नाही. आपल्याला खरं वाटतं का हा प्रश्नच नसतो.

कोडिंग-डिकोडिंगला, म्हणजे सांकेतिक शब्द उलगडायच्या प्रश्नांना, इंग्रजी अक्षरांचे नंबर पाठ हवेत, ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५, आणि उलट क्रमाच्या जोडीची (ए-झेड, बी-वाय अशी) बेरीज नेहमी २७. बास एवढं पुरतं. नात्यांच्या प्रश्नात पिढीनुसार आडव्या रेषा काढा आणि 'अंकल' दिसलं की लगेच काका धरू नका, मामाही असू शकतो.

आता चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर बरोबर उत्तर लिहून उपयोग नाही, चुकीचा ऑप्शन मला का बरोबर वाटला ते एका ओळीत लिहा. 'घाईत नॉट वाचलं नाही', 'काही म्हणजे सगळे नाहीत असं धरलं', 'प्रॉडिगलला प्रॉडिजी समजलो', असं. दोन-तीन आठवड्यांत त्याच त्या तीन-चार ओळी परत परत दिसायला लागतात आणि मग कशावर बसायचं ते कोणी सांगायची गरज उरत नाही. प्रश्न मात्र सोल्यूशनशिवाय कापून ठेवा आणि चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी परत सोडवा.

टायमर पहिल्या दिवसापासून लावू नका. नवीन प्रकार आला की आधी वेळ न लावता अचूकता आणा, दहातले नऊ बरोबर यायला लागले की मगच घड्याळ. उलटं केलं तर चुकीची पद्धतच वेगाने करायची सवय लागते, आणि ती मोडायला फार त्रास होतो.

शेवटी अंदाजाचं गणित, हे परीक्षेच्या आधीच ठरवून जा. पाच ऑप्शन आणि चुकीला पाव मार्क कापत असतील तर डोळे झाकून मारलेल्या उत्तराची सरासरी शून्य येते. चार ऑप्शन आणि एक तृतीयांश कपात असेल तरी शून्यच. पण त्या चारातला एक जरी खात्रीने खोडता आला तर सरासरी प्रश्नामागे एक नवमांश मार्क फायद्यात जाते, दोन खोडले तर एक तृतीयांश. म्हणजे एक ऑप्शन खात्रीने गेला तर मारा, नाहीतर सोडा. आणि जिथे निगेटिव्ह मार्किंगच नाही, जीआरईसारखं, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका, शेवटचं अर्धं मिनिट त्यासाठी राखून ठेवा.