सोमवारी गाडी, मंगळवारी म्युझियम

मी ६८ वर्षांची, हे ७२. निवृत्तीनंतर आम्ही २४ फुटी आरव्ही घेतली, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या आमच्या घरातून निघतो आणि म्युझियमं बघत हिंडतो. हे सगळं कसं जमवता, असं ओळखीतली मंडळी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, म्युझियम आधी ठरवा, कॅम्पग्राउंड, म्हणजे रात्री गाडी लावून राहायची जागा, नंतर. आरव्हीचा खरा फायदा हॉटेलचे पैसे वाचण्यात नाही. घर म्युझियमच्या दाराशी उभं असतं, हा फायदा. आमच्या वयात सलग चार तास उभं राहून बघणं होत नाही, गुडघे बोलायला लागतात. मग आम्ही सकाळी दोन तास बघतो, बारा-साडेबाराला गाडीत येतो, सकाळी करून ठेवलेल्या दशम्या आणि दहीभात खातो, अर्धा तास आडवे होतो आणि ताजेतवाने होऊन पुन्हा आत जातो. त्याच तिकिटावर परत येता येईल का, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवायचं. दुपारच्या झोपेसाठी छतावरचा पंखा पुरतो. पार्किंगमध्ये जनरेटर लावायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

पण हे जमायला गाडी तिथे उभी करता आली पाहिजे. पहिल्याच वर्षी एका मोठ्या शहरात आम्ही न विचारता गेलो. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी पाटी होती, उंची ७ फूट. मागे गाड्यांची रांग लागलेली. मी खाली उतरून हात दाखवत होते आणि हे इंचाइंचाने गाडी मागे घेत होते. शेवटी त्या दिवशी म्युझियम बघितलंच नाही. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून "आरव्ही कुठे लावायची?" एवढं विचारतेच. गाडीची उंची छतावरच्या एसीसकट स्वतः टेपने मोजा. आमची ११ फूट २ इंच भरली. तो आकडा ठळक लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलाय. पूल दिसला की नजर तिकडेच जाते.

नवशिक्यांनी सुरुवात ओहायोतल्याच डेटनच्या एअर फोर्स म्युझियमपासून करावी. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट आणि प्रशस्त. अपोलो १५ या चंद्रमोहिमेचं यान तिथे आहे. एक दिवस अपुराच पडतो, म्हणून जवळपास दोन मुक्काम धरा.

बरीच कला-संग्रहालयं सोमवारी बंद असतात. क्लीव्हलँडचंही असतं, आणि तिथला चोळकालीन नटराज चुकवू नका. म्हणून सोमवार आम्ही प्रवासाला, कपडे धुवायला आणि गाडीतल्या मैल्याच्या नि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला ठेवतो. प्रवासही दोनशे मैलांच्या आत, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचायचं.

टाक्यांची धास्ती घेऊ नका. मैल्याची टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत तिचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी बसतं. आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. हातमोजे हवेतच. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळ्या कप्प्यात ठेवा, त्याला दुसरं काही लागू देऊ नका.

पैशांचं म्हणाल तर ६२ पूर्ण असतील आणि सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड असेल, तर ८० डॉलरचा आजीवन सीनियर पास आधी काढा. त्यावर राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मिळतोच, शिवाय आर्मी कोअरच्या (अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या) तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडमध्ये मुक्काम अर्ध्या किमतीत होतो. जवळच्या सायन्स म्युझियमचं सभासदत्व घेताना त्यात एएसटीसी पासपोर्ट (एका म्युझियमच्या सभासदांना दुसरीकडे प्रवेश देणारी सायन्स म्युझियमांची योजना) आहे ना, ते बघा. मग घरापासून ९० मैलांपलीकडच्या, या योजनेतल्या म्युझियमांत फुकट जाता येतं.

आता माझी सगळ्यात आवडती जागा सांगते. मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियम आहे. १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई ज्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीटवरून उठायला नाही म्हणाल्या, ती बस, नंबर २८५७, तिथे आहे, आणि आत जाऊन बसता येतं. सकाळी शाळांच्या सहलींची झुंबड होती, आम्ही दारातूनच मागे फिरलो. जेवून, पडून, अडीचला परत गेलो तर बस जवळजवळ रिकामी. सीटची कड हाताला गार लागली. हे पलीकडच्या सीटवर बसले, आणि आम्ही दोघं वीसेक मिनिटं काही न बोलता तिथे बसून होतो.