गुडघा बदलताना वाटीची चाल मोजताय? या चुका टाळा

ट्रायल (मापासाठीचं तात्पुरतं इम्प्लांट) बसवलं, गुडघा वाकवला आणि वाटी बाहेरच्या बाजूला कलली, की अनेकांचा हात थेट लॅटरल रिलीजकडे, म्हणजे बाहेरचे तंतू कापून सैल करण्याकडे, जातो. माझाही जायचा. आता मी आधी मोजणीवर संशय घेतो, मग इम्प्लांटवर आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या घट्ट रेटिनॅक्युलमवर (वाटीला बाजूने धरून ठेवणाऱ्या तंतूंवर). ते कापताना वरची बाहेरची जेनिक्युलर धमनी गेली तर वाटीचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. आतल्या बाजूचा रक्तपुरवठा तर आर्थ्रोटॉमी करताना, म्हणजे सांधा उघडताना, आपणच कमी केलेला असतो.

पहिला संशयित टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला मांडीवर फुगवायचा पट्टा. पाय सरळ ठेवून पट्टा फुगवला तर क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) त्याखाली अडकतो, वाकवताना त्याला खाली सरकायला मोकळीक राहत नाही आणि वाटी बाहेर ओढली गेल्यासारखी दिसते. म्हणून फुगवताना गुडघा वाकवलेला ठेवा. तरीही ट्रॅकिंग (वाटीची चाल) वाईट दिसलं तर पट्टा सोडून पुन्हा बघा. शिकाऊ असताना एका आजींचा रिलीज मी सुरू करणारच होतो. सरांनी थांबवलं, टूर्निकेट सोडायला लावलं आणि वाटी खोबणीतून सरळ चालू लागली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मग पाऊल कुणी आणि कसं धरलंय ते बघा. मदतनिसाने नकळत पाऊल बाहेर फिरवलं तर नडगीचा उंचवटा बाहेर जातो आणि पटेलर टेंडनबरोबर (वाटीला नडगीशी जोडणाऱ्या पट्ट्याबरोबर) वाटीही. टाच तळहातावर नुसती तोलून धरायला सांगा, पाय त्याच्या चालीने फिरू द्या.

अंगठ्याने वाटी आत दाबून ‘छान चालतेय’ म्हणणं ही मोजणी नव्हे. अंगठा न लावता वाटीची आतली कड आतल्या कॉन्डाइलला (मांडीच्या हाडाच्या खालच्या गोल टोकाला) टेकलेली राहायला हवी. कॅप्सूल (सांध्याचं आवरण) पूर्ण उघडी असताना वाटी जास्तच बाहेर जाते, म्हणून वाटीच्या वरच्या टोकाशी एक टाका किंवा टॉवेल क्लिप लावतात. पण क्लिप करकचून ओढली की तीच अंगठ्याचं काम करते. कॅप्सूलच्या कडा फक्त एकमेकींना भिडाव्यात.

जाडीबाबत अंदाजपंचे चालत नाही. वाटी कापण्याआधी आणि तिच्या मागे कृत्रिम बटण बसवल्यावर, दोन्ही वेळा कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा. समजा वाटी २० मिमीची आहे, बटण ८ मिमीचं आहे आणि तुम्ही १५ मिमी हाड ठेवलंत. झाली २३. हे ३ मिमी जास्तीचे बाहेरचे तंतू ताणतात आणि गुडघा वाकणंही कमी करतात. उलट हाड १२ मिमीच्या खाली नेलं तर वाटी मोडायची भीती. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांची वाटी मुळातच पातळ असते, त्यामुळे हे गणित तंग बसतं. अशा वेळी बटण न बसवण्याचा पर्याय खुला ठेवा. बसवणार असाल तर ते किंचित आतल्या बाजूला बसवा.

एवढं करूनही वाटी बाहेरच जात असेल, तर इम्प्लांटचे घटक (मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर बसवलेले भाग) आत फिरलेत का ते तपासा. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी अभ्यासात मांडी आणि नडगीच्या घटकांचं मिळून आत फिरणं १ ते ४ अंश असलेल्यांत वाटी कलली होती, ३ ते ८ अंशांत अर्धवट सरकली होती आणि ७ ते १७ अंशांत निखळली होती किंवा तिचं बटण निकामी झालं होतं. गुडघा व्हॅल्गस (आत झुकलेला) असेल तर विशेष जपा. बाहेरचा कॉन्डाइल मागून झिजलेला किंवा लहान असतो. नेहमीप्रमाणे पोस्टीरियर (मागच्या) कॉन्डाइलवरून ३ अंश बाहेर धरले तर मांडीचा घटक आतच फिरतो. व्हाइटसाइड रेषा (वाटीच्या खोबणीच्या तळातून जाणारी) आणि एपिकॉन्डाइलचा अक्ष (मांडीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे जोडणारा) दोन्ही ताडून बघा. नडगीचा ट्रे (नडगीवरचा घटक) नडगीच्या उंचवट्याच्या आतल्या एक-तृतीयांश भागाकडे रोखलेला हवा.

नेव्हिगेशनवर (संगणकाच्या मदतीने) मोजत असाल तर पहिलं मोजमाप हाड कापण्याआधी, क्लिप लावून, घ्या. ते नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? वाटी नैसर्गिकपणेही सुरुवातीला थोडी आत आणि पुढे बाहेर सरकते, त्यामुळे ‘४ मिमी बाहेर’ एवढंच वाचून घाबरू नका. शिवाय हे सगळं भुलीखालचं, स्नायू सैल असतानाचं आहे; पेशंट खुर्चीतून उठताना ओढ वेगळी असते.

ऑपरेशन नोटमध्ये ०, ३०, ६० आणि ९० अंशांवरचं सरकणं आणि कलणं, दोन्ही जाड्या आणि टूर्निकेट चालू होतं की बंद, हे लिहा. सहा महिन्यांनी जिना उतरताना पुढून दुखतं म्हणून पेशंट आली, तर स्कायलाइन एक्स-रेशेजारी (गुडघा वाकवून वाटी आणि खोबण दाखवणाऱ्या) ठेवून बघायला हेच आकडे लागतात.