विज्ञानकथांची जुनी पेपरबॅक पुस्तके मुखपृष्ठांसाठी कशी जमवावीत

जुनी पुस्तके जमवणारा माणूस सहसा पहिल्या आवृत्तीच्या शोधात असतो. मुखपृष्ठांसाठी पुस्तके जमवणाऱ्याने ही सवय सुरुवातीलाच बाजूला ठेवावी, कारण त्याच्या दृष्टीने एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या ही दोन वेगळी पुस्तके असतात आणि त्यांतली पहिली अधिक चांगली असेलच असे नाही. जे. जी. बॅलार्ड यांच्या ‘द ड्राउन्ड वर्ल्ड’ या कादंबरीचे उदाहरण घ्यावे. पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनाने १९६५ मध्ये ती काढली तेव्हा मुखपृष्ठावर इव्ह टांगी या अतिवास्तववादी चित्रकाराच्या एका तयार चित्राचा भाग छापला होता. पुढे १९७४ मध्ये त्याच प्रकाशनाने तीच कादंबरी पुन्हा काढली, तेव्हा डेव्हिड पेलम यांनी शांत पाण्यातून डोके वर काढणारा एका गगनचुंबी इमारतीचा शेंडा एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाने, रंगवला. मजकूर तोच, पण चित्रांमागचा विचार पूर्णपणे निराळा. संग्रहात ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी असावीत, आणि तिसरी एखादी प्रत ‘आवृत्ती जुनी आहे’ एवढ्याच कारणासाठी घेण्याचे कारण नाही.

संग्रहाला मर्यादा घालणे हे पहिले काम. १९५० ते १९८० या तीस वर्षांत इंग्रजीतून निघालेल्या विज्ञानकथांच्या पेपरबॅकची संख्या इतकी मोठी आहे की ‘जे चांगले दिसेल ते घ्यायचे’ असे ठरवणाऱ्याच्या घरी थोड्याच काळात संग्रहाऐवजी रद्दी साठते. मर्यादा लेखकावरून घालू नये, कारण एका लेखकाची मुखपृष्ठे दहा जणांनी केलेली असतात आणि त्यांतली निम्मी सुमार असतात. ती चित्रकारावरून घालावी, किंवा एखाद्या प्रकाशनाच्या ठरावीक कालखंडावरून, म्हणजे एका कलासंचालकाच्या कारकिर्दीवरून घालावी. भारतात राहणाऱ्या वाचकाला मी दुसरा मार्ग सुचवीन, आणि तोही ब्रिटिश प्रकाशनांपासून सुरू करण्याचा. ब्रिटिश प्रकाशकांकडे राष्ट्रकुलातील देशांचे विक्रीहक्क असत, त्यामुळे पेंग्विन, पँथर, कॉर्गी, स्फिअर, पॅन आणि न्यू इंग्लिश लायब्ररी यांची पुस्तके इकडे रीतसर येत राहिली. अमेरिकी आवृत्त्या मात्र प्रवाशांच्या सामानातून किंवा जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून जशा येतील तशा आल्या.

पेंग्विनचा १९६० चे दशक ते १९७० च्या दशकाचा मध्य हा काळ या दृष्टीने फार समृद्ध आहे, कारण थोड्याच वर्षांत तेथे दृष्टिकोन अनेकदा बदलला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कलासंचालक म्हणून आलेले इटालियन संकल्पक जर्मानो फाचेत्ती यांनी विज्ञानकथांसाठी नवी चित्रे काढून घेण्याऐवजी आधुनिक चित्रकारांची तयार चित्रे वापरली. टांगी, माक्स अर्न्स्ट, पाउल क्ले अशी नावे त्यामुळे स्वस्त पुस्तकांवर आली. दशकाच्या अखेरीस फ्रांको ग्रिन्यानी या दुसऱ्या इटालियन कलावंताने काळ्या पार्श्वभूमीवर वाकवलेल्या, ताणलेल्या दृक्-आकृती दिल्या. पेलम १९६८ मध्ये आले आणि त्यांनी पुढे स्वतःच हातात एअरब्रश घेतला. बॅलार्ड यांच्या पुस्तकांसाठी त्यांनी केलेल्या चित्रांत माणूस जवळजवळ नाहीच; आहेत ती वाळूत रुतलेली किंवा पाण्याने गिळलेली यंत्रे आणि इमारती, आणि मागे सपाट, रंग उतरत गेलेले आकाश. माझ्या मते नवशिक्याने याच संचापासून सुरुवात करावी. संच लहान आहे, तो पूर्ण करता येतो, आणि एअरब्रशचे काम जवळून पाहण्याची सवयही त्यातून लागते.

पँथरकडे वळले की क्रिस फॉस यांचे राज्य सुरू होते. १९७० च्या दशकात आयझॅक असिमोव्ह आणि ई. ई. स्मिथ या विज्ञानकथाकारांच्या पँथर आवृत्त्यांवर त्यांनी रंगवलेली अवकाशयाने आजही लगेच ओळखू येतात. यानाचा आकार डोंगराएवढा, त्याच्या अंगावर पिवळ्या, काळ्या, लाल पट्ट्या आणि चौकटी, कडेला धूर किंवा धुके, आणि यान किती मोठे आहे हे कळावे म्हणून कोपऱ्यात एखादे चिमुकले विमान. कथेशी या यानाचा संबंध असतोच असे नाही. पुष्कळदा मुळीच नसतो. वाचकाने याबद्दल तक्रार केली तर ती रास्त आहे, संग्राहकाने करू नये. या चित्रांचा खप पाहून इतर प्रकाशकांनीही तशीच अवकाशयाने रंगवून घेतली, त्यामुळे विक्रेता ‘फॉस’ म्हणतो त्या प्रत्येक पुस्तकावर फॉस असतातच असे नाही. ज्यांना अवकाशयाने नको असतील त्यांनी न्यू इंग्लिश लायब्ररीसाठी ब्रूस पेनिंग्टन यांनी केलेली चित्रे शोधावीत. त्यांच्या तांबूस, जळक्या आकाशांत आणि हाडांसारख्या दिसणाऱ्या खडकांत यंत्रापेक्षा पुराणकथेचा भास अधिक आहे.

अमेरिकी बाजूचे थोडक्यात सांगतो, कारण तेथे मोठा खर्च केल्याशिवाय सलगपणे फार काही हाती लागत नाही. बॅलंटाइन प्रकाशन १९५२ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षापासून रिचर्ड पॉवर्स यांची अमूर्त, तरंगत्या आकारांची मुखपृष्ठे त्याची ओळख बनली. पॉवर्स यांच्यावर टांगींचा प्रभाव उघड दिसतो, त्यामुळे पेंग्विनचा १९६५ चा टांगी आणि पॉवर्स यांचे एखादे पुस्तक शेजारी ठेवून पाहण्यात वेगळीच मजा आहे. दुसरे नाव एस प्रकाशनाच्या जोडपुस्तकांचे. एका बाजूने एक कादंबरी, पुस्तक उलटे करून पालटले की दुसरी, आणि दोन्हीकडे स्वतंत्र मुखपृष्ठ. विज्ञानकथांत ही मालिका १९५३ मध्ये सुरू झाली आणि १९७३ मध्ये संपली. अशा पुस्तकाला मलपृष्ठच नसल्याने ते टेबलावर कसेही ठेवले तरी एक चित्र घासले जाते. म्हणून विकत घेताना दोन्ही बाजू सारख्याच काळजीने पाहाव्यात. अमेरिकी पुस्तकांत आणखी एक धोका असतो. न खपलेले पुस्तक परत पाठवण्याऐवजी दुकानदाराने केवळ मुखपृष्ठ फाडून पाठवायचे आणि पैसे वळते करून घ्यायचे, अशी तेथील पद्धत होती. मुखपृष्ठाविना उरलेली ती पुस्तके नष्ट करायची असत, तरी काही बाजारात येतच. आपल्याला अशा पुस्तकाचा काडीचाही उपयोग नाही.

पुस्तक हातात आले की ते कोणत्या छपाईचे आहे हे ठरवावे लागते. ब्रिटिश पुस्तकांच्या बाबतीत मलपृष्ठावरची किंमत हा सर्वांत जलद पुरावा आहे. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले. त्यामुळे केवळ शिलिंग-पेन्समध्ये किंमत असलेले पुस्तक साधारणपणे त्याआधीचे, केवळ नव्या पेन्समध्ये किंमत असलेले त्यानंतरचे, आणि दोन्ही किमती शेजारी छापलेल्या असतील तर ते बदलाच्या आगेमागेच्या दोन-तीन वर्षांतले समजावे. नऊ आकडी ग्रंथक्रमांक (आजच्या आयएसबीएनचा पूर्वज) १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, दहा आकडी त्यानंतरचा. पट्ट्यांचा बारकोड असेल तर पुस्तक बहुधा १९८० च्या आसपासचे किंवा नंतरचे, म्हणजे आपल्या कालखंडाच्या काठावरचे. हे झाल्यावर आतले छपाईच्या तपशिलाचे पान उघडावे. पेंग्विनच्या पुस्तकांत तेथे पुनर्मुद्रणांची वर्षे ओळीने दिलेली असतात आणि शेवटचे वर्ष तेच हातातल्या प्रतीचे वर्ष असते. मात्र त्या यादीवरून चित्र केव्हा बदलले हे कळत नाही, आणि आपल्याला हवे असते ते नेमके तेच. म्हणून दोन सलग पुनर्मुद्रणांच्या प्रतींची छायाचित्रे शोधून तुलना केल्याशिवाय ‘या चित्राची पहिली छपाई’ असे लिहून ठेवू नये.

चित्रकाराचे नाव शोधणे याहून चिवट काम आहे. दलाल किंवा मुळगावकर यांची सही दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शोधण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला निदान कुठे पाहायचे हे ठाऊक असते, परंतु पेपरबॅकच्या बाबतीत मूळ चित्राच्या कडा कापल्या जात, त्यामुळे सही कण्याच्या घडीत अर्धी दडलेली किंवा पार कापून गेलेली आढळते. आधी मलपृष्ठाचा खालचा कोपरा पाहावा. पेंग्विनने अनेकदा तेथे बारीक अक्षरांत चित्रकाराचे नाव दिले आहे. मग भिंगाने मुखपृष्ठाचा खालचा तृतीयांश भाग चाळावा. एड एम्शविलर हे अमेरिकी चित्रकार ‘एम्श’ एवढीच सही करत आणि ती चित्रातल्या एखाद्या वस्तूवर लपवत, म्हणून यंत्रांच्या पाट्या आणि खडकांच्या रेघाही तपासाव्यात. यातून काही मिळाले नाही तर ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’ या मुक्त सूचीत ग्रंथक्रमांक टाकून पाहावा. तेथे प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते आणि चित्रकाराचे नाव कशाच्या आधारे दिले आहे हेही पुष्कळदा टिपलेले असते. सूचीत नाव नसेल तर आपल्या नोंदीतही ‘अज्ञात’ असेच लिहावे. शैलीवरून केलेला अंदाज पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह लिहावा.

मुंबईत हुतात्मा चौकापासून चर्चगेटकडे जाणारे पदपथ, दिल्लीतील दर्यागंजचा रविवारचा बाजार (तो २०१९ पासून महिला हाटमध्ये भरतो), कोलकात्यातील कॉलेज स्ट्रीट आणि बंगळूरमधील चर्च स्ट्रीटवरची जुनी दुकाने ही शोधाची नेहमीची ठिकाणे आहेत. पूर्वीइतका माल आता कुठेच नाही. त्याहून अधिक आशा बंद पडणाऱ्या खासगी वाचनालयांकडून ठेवावी. तेथील पुस्तके मात्र कण्याजवळ टाचलेली किंवा दोऱ्याने शिवलेली, मुखपृष्ठावर शिक्का मारलेली आणि वर प्लॅस्टिक चढवलेली असतात. हे प्लॅस्टिक पाहून नाक मुरडू नये. त्याखालचे चित्र कधीकधी कोरे करकरीत राहिलेले असते, आणि शिवण कण्यापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल तर चित्राला ती फारशी बाधत नाही.

प्रत तपासताना पुस्तक आधी बंदच धरावे आणि उजेडात तिरपे करावे. चकचकीत कागदावरच्या चिरा, दुमडीच्या पांढऱ्या रेघा आणि कडांपासून सुटू लागलेले लॅमिनेशन समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात लगेच दिसते. यानंतर कणा आणि दर्शनी बाजू यांचे रंग ताडून पाहावेत. छपाईच्या शाईतला पिवळा आणि किरमिजी रंग उन्हाने आधी उडतो, निळा आणि काळा टिकून राहतो. त्यामुळे दर्शनी बाजूवर केशरी असलेला पट्टा कण्यावर फिकट दिसू लागला असेल तर ते पुस्तक वर्षानुवर्षे खिडकीसमोर होते हे समजते. कण्याचा रंग गेला तरी चित्र शाबूत असल्यास प्रत घेण्यासारखी असते. चित्रच निळसर झाले असेल तर ती स्वस्तातही घेऊ नये, कारण चित्रकाराने निवडलेले रंग त्यात उरलेलेच नसतात. आतले कागद पिवळे पडलेले असणारच. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन आणि आम्ल असल्यामुळे ते टळत नाही. पुस्तक पूर्ण उघडून मात्र पाहू नये. पन्नास वर्षांपूर्वीचा डिंक ठिसूळ झालेला असतो आणि कणा एकदा कडकन वाजला की दर्शनी बाजूवर उभी रेघ कायमची उमटते. कुबट वास आणि पानांवरची भुरी हे दोन दोष असतील तर पुस्तक तिथेच ठेवावे, कारण बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते.

परदेशी विक्रेत्याकडून मागवताना टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा पुस्तके एकदम घ्यावीत. त्याच्याकडून त्या प्रतीचीच छायाचित्रे मागावीत. यादीत पुष्कळदा दुसऱ्याच छपाईचे चित्र लावलेले असते, आणि मजकुरासाठी घेणाऱ्याला त्याने फरक पडत नसला तरी आपला सगळा व्यवहारच फसतो.

घरी आणलेल्या पुस्तकावरची धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने काढावी. किमतीची चिकटपट्टी लॅमिनेशन असलेल्या मुखपृष्ठावर असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची सौम्य ऊब देऊन ती हळूहळू सोलता येते. १९५० च्या दशकातल्या बिनलॅमिनेशनच्या मुखपृष्ठावर हा प्रयोग करू नये, कागदाचा पापुद्राच निघतो. फाटलेल्या कडेला सेलोटेप कधीही लावू नये. किडीची शंका असल्यास पुस्तक हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. साठवणीसाठी पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वापराव्यात. मऊ पीव्हीसी कालांतराने चिकट होते आणि शाई ओढून घेते. त्या काळातील ब्रिटिश पेपरबॅकचा आकार साधारण ११ गुणिले १८ सेंटिमीटर असतो, तेव्हा पिशवी त्याहून दोन-एक सेंटिमीटर मोठी घ्यावी. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात पिशव्यांची तोंडे पूर्ण बंद करू नयेत आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये; त्या भिंतीतला ओलावा लाकडातून थेट पुस्तकांत उतरतो. पुस्तके उभी, फार न आवळता आणि सरळ ठेवावीत, नाहीतर कणा तिरका होतो.

भिंतीवर मूळ पुस्तक लावण्याचा मोह होतो, पण तेथे त्याची स्कॅन केलेली प्रत लावावी. मुखपृष्ठ सहाशे डीपीआयला (दर इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन करावे आणि छपाईच्या ठिपक्यांमुळे जाळीसारखी नक्षी उमटली तर स्कॅनरमधील ‘डीस्क्रीन’ ही सोय वापरावी. स्कॅनच्या फाइलला प्रकाशन, ग्रंथक्रमांक, छपाईचे वर्ष आणि चित्रकार अशा क्रमाने नाव द्यावे. लेखकाचे नाव शेवटी आले तरी चालेल.